रस्टमध्ये इनम आणि स्ट्रिंग यांची सांगड : ‘वाऱ्याचा वेग’ कधी ओळखला जातो, कधी नाही

भीमाकाठ

नमस्कार. आमच्या गटातील शेतकऱ्यांनी मिळून तीन शिवारांत लहान हवामान केंद्रे उभी केली आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग अशा चार प्रकारच्या नोंदी तेथून येतात. यंत्र चालू असते तेव्हा यंत्रच नोंद पाठवते. ते बंद पडते तेव्हा गटातील कोणीतरी मोजमाप पाहून मोबाइलवर किंवा संगणकावर तक्त्यात हाताने नोंद भरते, आणि महिन्याच्या शेवटी सगळे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या एका सीएसव्ही फाइलमधून माझ्याकडे येते. त्या फाइलवरून अहवाल काढणारा प्रोग्राम मी लिहीत आहे.

हा प्रोग्राम पूर्वी सी भाषेत होता. त्यात नोंदीच्या प्रकारांचा इनम (ठरावीक पर्यायांची बंद यादी) आणि त्याच क्रमाने नावांचा ॲरे अशा दोन गोष्टी मी शेजारी ठेवल्या होत्या. सुरुवातीला आर्द्रता मोजत नव्हतो. ती मोजू लागलो तेव्हा मी इनममध्ये ‘आर्द्रता’ पावसाच्या खाली घातली, मात्र नावांच्या ॲरेत ती शेवटी जोडली. कंपायलरने काहीही हरकत घेतली नाही. सी भाषेच्या दृष्टीने इनम हा शेवटी एक पूर्णांकच असतो, त्यामुळे ॲरेतील दुसऱ्या जागी जे नाव असेल ते छापले जाणार हे ओघानेच आले. गटातील एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी अहवाल हातात घेतला आणि ‘७२ अंश तापमान’ या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा मला ती चूक कळली. ती ७२ टक्के आर्द्रता होती. त्या अहवालावर विसंबून कोणी फवारणीचा निर्णय घेतला असता तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही, म्हणून मी सगळे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहायला घेतले.

आता अडचण अशी आहे. फाइलमधून वाचलेल्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) मी ‘मॅच’ ही मूल्यानुसार शाखा निवडणारी रचना लावली आणि शाखांमध्ये ‘पाऊस’, ‘तापमान’ अशी अवतरणातील नावे लिहिली, तर प्रकार जुळत नाहीत अशी त्रुटी येते. इनमवरून नाव मिळवण्यासाठी ‘डीबग’ डिराइव्ह केले (म्हणजे छापण्याची सोय कंपायलरकडूनच आपोआप करून घेतली), ते चालते, पण ते योग्य आहे का याची खात्री नाही. आणि सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे ‘वाऱ्याचा वेग’ ही नोंद काही ओळींत ओळखली जाते आणि काही ओळींत नाही. पडद्यावर दोन्ही ओळी अक्षर न् अक्षर सारख्या दिसतात. मी दोन दिवस त्या ओळींकडे पाहत बसलो आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

टिपकागद

भीमाकाठ, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो. तिसऱ्याविषयी माझा अंदाज आहे, पण ते अक्षरपट यांच्या अभ्यासाचे क्षेत्र आहे, तेव्हा त्यांनी लिहावे.

प्रकार न जुळण्याचे कारण साधे आहे. फाइलमधून वाचलेली ‘स्ट्रिंग’ ही स्वतःच्या मालकीची, हीपवर (गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या स्मृतीत) ठेवलेली आणि वाढू शकणारी वस्तू असते, तर अवतरणात लिहिलेले नाव हा ‘स्ट्र’चा संदर्भ असतो, म्हणजे कुठेतरी आधीच असलेल्या बाइट्सकडे पाहण्याची खिडकी. ‘मॅच’ या दोहोंमध्ये आपणहून रूपांतर करत नाही. स्ट्रिंगवर ‘ॲज_स्ट्र’ ही पद्धत चालवून मग मॅच लावा, त्रुटी जाईल. यात नवी प्रत तयार होत नाही, म्हणून खर्चाची चिंता नको.

मात्र तेवढ्यावर थांबू नका. सी भाषेत तुमची चूक ज्या फटीतून आत आली, ती फट रस्टमध्येही एका बाजूने उघडी राहते आणि ती कोणती हे नीट समजून घ्यायला हवे. इनमवरून नाव देणारे फंक्शन तुम्ही मॅचने लिहिले, तर प्रत्येक व्हेरियंटला (इनममधील पर्यायाला) शाखा असल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊच देत नाही. उद्या तुम्ही ‘बाष्पीभवन’ जोडले की ते फंक्शन संकलित होणे थांबेल आणि तुम्हाला नाव लिहावेच लागेल. उलट दिशेला ही हमी नाही. स्ट्रिंग कोणतीही असू शकते, त्यामुळे स्ट्रिंगवरच्या मॅचला शेवटी ‘बाकी सर्व’ ही शाखा लागतेच, आणि ती शाखा असली की ‘बाष्पीभवन’ लिहायचे विसरले तरी कंपायलर गप्प राहतो. नव्या प्रकारच्या सगळ्या नोंदी त्या शेवटच्या शाखेत जाऊन पडतात.

म्हणून मी उलट दिशेची यादी हाताने लिहीतच नाही. ‘नाव’ नावाचे एकच फंक्शन मॅचने लिहितो. सर्व व्हेरियंट असलेला एक स्थिर ॲरे ठेवतो, आणि स्ट्रिंगवरून मूल्य बनवण्याच्या ‘फ्रॉमस्ट्र’ या ट्रेटमध्ये (ठरलेल्या पद्धतींच्या करारात) त्या ॲरेवर फिरून ज्याचे नाव आलेल्या स्ट्रिंगशी जुळेल तो व्हेरियंट परत करतो. यामुळे नाव एकाच ठिकाणी लिहिले जाते, आणि तुमच्या जुन्या प्रोग्राममध्ये झाला तसा क्रमाचा घोळ होण्याला जागाच उरत नाही. व्हेरियंट चार असोत की चाळीस, एवढ्या लहान ॲरेवर फिरण्याचा वेळ फाइल वाचण्याच्या वेळेपुढे जाणवतही नाही. आता तो ॲरे अद्ययावत ठेवणे हे काम पुन्हा माणसावर येते, हे मान्य आहे. तेही नको असेल तर ‘स्ट्रम’ नावाचा क्रेट (इतरांनी लिहिलेला तयार संच) वापरा. तो व्हेरियंटवर फिरण्याची सोय, स्ट्रिंगवरून इनम आणि इनमवरून स्ट्रिंग हे तिन्ही डिराइव्हने करून देतो, आणि एका व्हेरियंटला एकाहून अधिक लेखने जोडता येतात. बाहेरचा क्रेट टाळायचा असेल तर संकेतलेखन निर्माण करणारा स्वतःचा एक मॅक्रो लिहून त्यातूनच इनम, नाव आणि ॲरे तिन्ही निर्माण करावेत.

डीबगविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. डिराइव्ह केलेले डीबग व्हेरियंटचे संकेतलेखनातील नाव जसेच्या तसे छापते आणि ते प्रोग्रामरने वाचण्यासाठी असते. त्याचे रूप पुढच्या आवृत्त्यांत तसेच राहील अशी हमी भाषा देत नाही. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे आम्ही डीबगचे उत्तर थेट डेटाबेसमध्ये साठवत होतो. एके दिवशी एका सहकाऱ्याने स्पष्टतेसाठी एका व्हेरियंटचे नाव बदलले. बदल अगदी योग्य होता, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, आणि त्या रात्रीपासून जुन्या नोंदी वाचता येईनाशा झाल्या. त्या दुरुस्त करण्यात आमचा आठवडा गेला. त्यामुळे माणसाला दाखवायचे नाव ‘डिस्प्ले’मध्ये ठेवा, साठवणुकीचा संकेत वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, आणि डीबग केवळ स्वतःच्या डोळ्यांसाठी राहू द्या. सुरुवातीला ही तीन नावे सारखीच असतील, तरीही ती वेगळी ठेवावीत, कारण त्यांच्या बदलण्याची कारणे वेगळी असतात.

अक्षरपट

टिपकागद यांनी माझ्याकडे बोट दाखवले आहे, तर सविस्तरच लिहितो, कारण हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि हिंदीच्या अनुभवावर बेतलेल्या सूचना येथे अपुऱ्या पडतात.

भीमाकाठ, त्या दोन ओळींतील ‘वाऱ्याचा’ हा शब्द घ्या, त्याच्या प्रत्येक ‘चार’वर (कॅरेक्टर, म्हणजे सांकेतिक चिन्हावर) ‘एस्केप_युनिकोड’ चालवा आणि छापा. मला खात्री आहे की दोन ओळींत वेगवेगळे सांकेतिक क्रमांक दिसतील. मराठीतील हा अर्धा र, म्हणजे रफाराऐवजी आडव्या रेघेसारखा दिसणारा र, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्ताचे चिन्ह, मग ‘य’ येतो. दुसऱ्या मार्गात साधा ‘र’, हलन्ताचे चिन्ह, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि मग ‘य’ येतो. हा दुसरा मार्ग युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मानकात ठेवलेला आहे. तुमच्या गटातील कोणाचा कळफलक एक मार्ग धरतो, कोणाचा दुसरा. फाँट दोन्हींसाठी एकच आकृती काढतो, त्यामुळे डोळ्यांना फरक कळणे शक्यच नाही.

पहिल्या मार्गाने ‘वाऱ्याचा’ हा शब्द ८ सांकेतिक चिन्हांचा आणि २४ बाइटचा होतो. दुसऱ्या मार्गाने तो ९ चिन्हांचा आणि २७ बाइटचा होतो. याखेरीज तिसरीही एक शक्यता आहे, ती म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, ज्यांच्या जोडीतून ‘ऱ’ तयार होतो. तोही शब्द २७ बाइटचाच, पण बाइट वेगळे. रस्टमधील स्ट्रिंगची तुलना बाइट पाहून होते, अर्थ पाहून नाही, आणि ते तसेच असायला हवे.

आता उपाय. ‘युनिकोड-नॉर्मलायझेशन’ हा क्रेट घेऊन आलेल्या मजकुराला एनएफसी (समतुल्य लेखनांचे एकच ठरलेले) रूप दिले, तर नुक्ता असलेला र आणि ऱ एक होतात, कारण मानकाने त्यांना समतुल्य मानले आहे. मात्र जॉइनर असलेले रूप समतुल्य मानलेले नाही, त्यामुळे एनएफसी केल्यानंतरही तुमची अडचण उरतेच. ‘ॲ’ची गतही अशीच आहे. तुमच्या फाइलमध्ये ‘ॲनेमोमीटर’ हा शब्द असेल, तर त्यातील ‘ॲ’ कोणी एकाच सांकेतिक चिन्हाने लिहिला असेल आणि कोणी अ वर अर्धचंद्राची मात्रा देऊन. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत आला, तोवर मात्रेचाच मार्ग होता. एनएफसी या दोन रूपांनाही एक करत नाही.

येथे अनेक जण एक घाईचा उपाय करतात आणि त्याबद्दल मी आधीच सावध करतो. ते सगळे अदृश्य जॉइनर काढून टाकतात. मराठीत हे करू नका. ‘दऱ्या’ हा शब्द जॉइनरच्या मार्गाने लिहिला असेल आणि तुम्ही जॉइनर काढून टाकला, तर र, हलन्त आणि य एवढेच उरतात, आणि त्याचा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. ‘आचाऱ्यांनी’चे ‘आचार्यांनी’ होते. ही चूक त्रुटी म्हणून वर येत नाही, अर्थ मुकाट्याने बदलतो. योग्य क्रम असा की आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ ही तीन चिन्हांची साखळी शोधून तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे, अ आणि अर्धचंद्र यांच्या जागी ‘ॲ’ घालावा, एनएफसी करावे, आणि मगच इनमच्या नावाशी तुलना करावी.

हे सगळे एका फंक्शनमध्ये ठेवा आणि ते फक्त ‘फ्रॉमस्ट्र’च्या तोंडाशी बोलवा. एकदा व्हेरियंट हाती आला की पुढच्या सगळ्या प्रोग्रामला अक्षरांशी देणेघेणे राहत नाही. मला इनमचे खरे मोल येथे वाटते. मराठी लेखनातील ही सगळी विविधता उंबऱ्यावर हाताळली जाते आणि आत चारच शक्यता उरतात.

जाता जाता एक नोंद. रस्टच्या १.५३ या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२१ पासून, व्हेरियंटची नावेही देवनागरीत लिहिता येतात. कंपायलर त्या नावांना स्वतःच एनएफसी रूपात पाहतो आणि जॉइनर असलेले नाव स्वीकारतच नाही. म्हणजे संकेतलेखनात ‘वाऱ्याचा_वेग’ हा व्हेरियंट ‘ऱ’ वापरूनच लिहावा लागेल.

गवतफुला

मी अजून शिकत आहे, म्हणून प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमा असावी. अक्षरपट यांनी २४ बाइट आणि ८ चिन्हे म्हटले आहे, पण मला तर ‘वाऱ्याचा’मध्ये तीनच अक्षरे दिसतात. शिवाय मी मध्यंतरी नावातील पहिली चार अक्षरे घेण्यासाठी शून्य ते चार असा तुकडा काढला, तेव्हा प्रोग्राम पॅनिक होऊन बंद पडला. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

अक्षरपट

गवतफुला, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि संबंध आहे.

रस्टची स्ट्रिंग नेहमी यूटीएफ-८ असते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक सांकेतिक चिन्ह ३ बाइट घेते, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त. ‘लेन’ हे फंक्शन बाइट मोजते आणि तुकडाही बाइटच्या क्रमांकांवरून काढला जातो. चौथ्या बाइटवर कापले की कापणी ‘व’च्या पुढे आलेल्या कान्याच्या मधोमध होते. उरलेला तुकडा वैध यूटीएफ-८ राहत नाही, म्हणून रस्ट तेथेच थांबते. चुकीचा मजकूर पुढे जाण्यापेक्षा थांबलेले बरे. तुकडा काढण्यासाठी ‘गेट’ ही पद्धत वापरली तर पॅनिकऐवजी ‘ऑप्शन’ मिळतो, आणि तोही एक इनमच आहे, ‘सम’ किंवा ‘नन’.

‘चार्स’ वापरून मोजले तर ८ येतात, कारण काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात. आपल्या मनातील ‘अक्षर’ मोजायचे असेल तर ‘युनिकोड-सेगमेंटेशन’ हा क्रेट लागतो. त्यातही एक बारकावा आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ पूर्वीच्या नियमांनुसार जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे, म्हणजे ‘ऱ्’ आणि ‘या’ वेगळे मोजले जात आणि उत्तर ४ येई. नव्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड राहते आणि उत्तर ३ येते. क्रेटची जुनी आवृत्ती असेल तर बदलून घ्या.

कोरीव

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मूळ मांडणीवरच एक आक्षेप नोंदवायचा आहे. हाताने भरलेल्या फाइलमध्ये उद्या कोणी ‘पर्जन्य’ लिहील, कोणी ‘पाउस’ असा ऱ्हस्व उकार देईल, कोणी ‘दव’ नावाची नवीच नोंद भरील. इनम बंदिस्त असतो. मग ओळखू न आलेल्या नोंदी फेकून देणार का? त्यापेक्षा इनममध्ये ‘अन्य’ नावाचा व्हेरियंट ठेवून त्याच्या पोटात मूळ स्ट्रिंग का साठवू नये? रस्टमध्ये व्हेरियंट स्वतःबरोबर माहिती बाळगू शकतो, हेच तर सी भाषेहून त्याचे वेगळेपण आहे.

टिपकागद

कोरीव, तुमचा आक्षेप रास्त आहे. एकही नोंद हरवू नये याबाबत आपण एकमत आहोत, मतभेद फक्त ती कोठे ठेवावी याचा आहे.

‘अन्य’ हा व्हेरियंट घातला की सरासरी काढणाऱ्या, आलेख काढणाऱ्या आणि इशारा देणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ‘अन्य’चे काय करायचे हे ठरवावे लागते. आणि माझा अनुभव असा की माणसे तेथे काहीही न करणारी शाखा लिहून मोकळी होतात. शंकास्पद नोंद अशा रीतीने आत शिरते आणि दहा ठिकाणी दुर्लक्षित होते. त्याऐवजी ‘फ्रॉमस्ट्र’ने ‘रिझल्ट’ (यश किंवा त्रुटी सांगणारा इनम) परत करावा आणि त्रुटीच्या प्रकारात मूळ मजकूर ठेवावा. वाचणाऱ्या फंक्शनने ओळखलेल्या नोंदी एका यादीत आणि त्रुटी ओळीच्या क्रमांकासह दुसऱ्या यादीत द्याव्यात. मग अहवालाच्या अखेरीस ‘या सात ओळी समजल्या नाहीत’ असे स्पष्ट छापता येते आणि त्या भरणाऱ्या माणसाला विचारता येते. ‘पाउस’ हे लेखन वारंवार येऊ लागले की ते पावसाचे पर्यायी लेखन म्हणून जोडायचे.

एक तांत्रिक तपशील सांगतो. ‘फ्रॉमस्ट्र’ला लाइफटाइमचा (संदर्भ किती काळ वैध राहील हे सांगणारा) पॅरामीटर नाही, त्यामुळे त्याच्या त्रुटीला आलेल्या मजकुराचा नुसता संदर्भ धरता येत नाही, स्वतःची प्रत घ्यावी लागते. त्रुटी मोजक्याच असतील तर त्याने बिघडत नाही. प्रत टाळायचीच असेल तर स्ट्र संदर्भावरून ‘ट्रायफ्रॉम’ (त्रुटी देऊ शकणारे रूपांतर) लिहावे, तेथे संदर्भ धरता येतो.

कोरीव, तुमचा ‘अन्य’ मी एका परिस्थितीत जरूर वापरीन. प्रोग्रामचे काम फाइल वाचून तशीच पुढे देण्याचे असेल आणि न समजलेला मजकूरही अखंड पोहोचवायचा असेल, तर ‘अन्य’ हाच योग्य मार्ग आहे.

कोरीव

पटले. येथे नोंदींवर निर्णय घेतले जाणार आहेत, मजकूर केवळ वाहून न्यायचा नाही. त्रुटींची वेगळी यादीच बरी.

भीमाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अक्षरपट यांनी सांगितल्याप्रमाणे चिन्हे छापून पाहिली. हाताने भरलेल्या ४१ ओळी न ओळखता राहिल्या होत्या. त्यांपैकी ३८ ओळींत अदृश्य जॉइनर होता आणि उरलेल्या तिघींत नुक्ता. लेखन एकरूप करणारे फंक्शन लिहिल्यावर सगळ्या जुळल्या. त्या फंक्शनसाठी मी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द चाचणीत कायमचे घालून ठेवले आहेत.

नोंदीचा इनमही आता माहिती बाळगणारा केला आहे. पावसाच्या व्हेरियंटमध्ये मिलिमीटर, आर्द्रतेच्या व्हेरियंटमध्ये टक्के, आणि वाऱ्याच्या व्हेरियंटमध्ये वेग व दिशा असे दोन घटक. दिशा हा आठ व्हेरियंटचा दुसरा इनम आहे. यामुळे पावसाला दिशा किंवा वाऱ्याला टक्के जोडणे आता लिहिताच येत नाही, आणि जुन्या चुकीची सल थोडी कमी झाली. जागेचा हिशेबही केला. ‘वाऱ्याचा वेग’ हे नाव प्रत्येक नोंदीत स्ट्रिंग म्हणून ठेवले असते, तर ६४ बिट संगणकावर स्ट्रिंगचे स्वतःचे २४ बाइट आणि हीपवरील मजकुराचे ३४ बाइट, असे ५८ बाइट केवळ नावापायी लागले असते. नुसत्या प्रकाराचा इनम १ बाइटमध्ये मावतो.

दोन गोष्टी नव्याने लक्षात आल्या, त्या इतरांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो. काही जणांनी आकडे देवनागरीत भरले होते आणि ‘२४’ या मजकुरावर संख्या काढणारे ‘पार्स’ चालवले की त्रुटी येते. ‘इज_न्यूमेरिक’ त्याला अंक म्हणते, पण ‘टू_डिजिट’ मात्र ‘नन’ देते. शून्य ते नऊ या चिन्हांचे रूपांतर मी त्याच उंबऱ्यावरच्या फंक्शनमध्ये करून घेतले. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्प्लेमध्ये नाव छापताना मी ‘राइट’ मॅक्रो वापरला होता, त्यामुळे रकान्याची रुंदी सांगूनही ती पाळली जात नव्हती. फॉरमॅटरची ‘पॅड’ पद्धत वापरल्यावर ती पाळली जाऊ लागली. तरीही रकाने सरळ आले नाहीत, कारण पॅड सांकेतिक चिन्हे मोजते आणि काना, मात्रा, हलन्त यांनाही एकेक जागा देते. शेवटी अहवाल एचटीएमएल तक्त्यात काढला.

आता यंत्राकडून येणाऱ्या नोंदींचा प्रश्न उरला आहे. यंत्र प्रकार म्हणून एकच बाइट पाठवते, १ ते ४. त्या बाइटचा थेट इनम करण्यासाठी ‘ट्रान्सम्यूट’ (बाइट न तपासता दुसऱ्या प्रकाराचा मानणे) वापरावे का?

दूरदेशी

मी बरीच वर्षे लहान यंत्रांच्या फर्मवेअरवर काम करतो, म्हणून या प्रश्नाला उत्तर देतो. कृपया ट्रान्सम्यूट वापरू नका.

इनमच्या जागी त्याच्या व्हेरियंटखेरीज दुसरे कोणतेही मूल्य कधीच नसेल, या गृहीतावर रस्टचा कंपायलर सगळी रचना उभी करतो. ‘ऑप्शन’मध्ये तुमचा नुसत्या प्रकाराचा चार व्हेरियंटचा इनम ठेवला तरी तो १ बाइटच राहतो, कारण उरलेल्या मूल्यांपैकी एक मूल्य कंपायलर ‘नन’साठी वापरून घेतो. तार सैल झाल्यामुळे यंत्राकडून ९ आला आणि तुम्ही तो ट्रान्सम्यूटने इनममध्ये घातला, तर प्रोग्रामचे वर्तन अपरिभाषित होते. ते त्याच ओळीवर दिसेल असेही नाही, भलत्याच ठिकाणी भलतीच शाखा चालेल.

इनमवर ‘रेप्र’ या ॲट्रिब्यूटने आठ बिटांचा पूर्णांक ठरवून द्या आणि प्रत्येक व्हेरियंटला त्याचा क्रमांक स्पष्ट लिहा, पाऊस १, तापमान २, असे. क्रमांक स्पष्ट लिहिले की उद्या मधोमध नवा व्हेरियंट घातला तरी जुने क्रमांक सरकत नाहीत. तुमचा आधीचा घोळ आठवत असेल, तर यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये तोच घोळ होण्यापासून हे वाचवते. इनमवरून क्रमांक ‘ॲज’ने मिळतो. उलट दिशेला ‘ट्रायफ्रॉम’ लिहा आणि अनोळखी क्रमांकाला त्रुटी द्या. ती त्रुटी कोरीव आणि टिपकागद यांच्या चर्चेतल्या त्याच दुसऱ्या यादीत जाऊ द्या. केंद्राची तार सैल झाली आहे हे तुम्हाला त्या यादीवरूनच कळेल.

भीमाकाठ

तसेच केले. आज सकाळी तिसऱ्या केंद्राकडून एकाच तासात पाच अनोळखी क्रमांक आले आणि ते त्रुटींच्या यादीत दिसले. दुपारी जाऊन पाहिले, तर पेटीत पाणी शिरून जोडणीला गंज धरला होता.

एक शेवटची शंका मात्र आहे. संगणकावरच्या तक्त्यातून निघालेल्या फाइलचा पहिला रकाना, म्हणजे ‘प्रकार’ हे शीर्षक, ‘ट्रिम’ करूनही जुळत नाही. बाकी सगळी शीर्षके जुळतात.

अक्षरपट

ते बाइट ऑर्डर मार्क आहे. काही तक्ता-प्रोग्राम यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला ते अदृश्य चिन्ह लिहितात. युनिकोड त्याला रिकामी जागा मानत नाही, म्हणून ट्रिम त्याला हात लावत नाही. फाइल वाचल्याबरोबर, शीर्षके वेगळी करण्याआधी, ‘स्ट्रिप_प्रीफिक्स’ने ते एकदा काढून टाका.

भीमाकाठ

जुळले. पहिला रकानाही आता वाचला जातो. फाइलमधल्या सगळ्या ओळी आज प्रथमच आत आल्या आणि न समजलेल्या ओळींच्या यादीत एकच ओळ उरली आहे. त्यात कोणीतरी ‘गारा’ लिहिले आहे. ती कोणी भरली ते विचारून, गारांसाठी नवा व्हेरियंट करायचा का हे उद्या गटाच्या बैठकीत ठरवू.